स्क्रीन लॉक आहे, काम आत अडकलंय आणि पासवर्ड एक्स्पायर झालाय: आता काय करायचं

पॉवरचं बटण दाबू नका, हे सगळ्यात आधी. जेवून परत आलात, पासवर्ड टाकला आणि स्क्रीनवर "युवर पासवर्ड हॅज एक्स्पायर्ड अँड मस्ट बी चेंज्ड" असं आलं, किंवा रोजचाच पासवर्ड टाकताय आणि तो चुकीचा आहे म्हणतंय, तरी तुमची एक्सेलची शीट, अर्धी लिहिलेली मेल, उघडे वीस टॅब सगळं त्या लॉकच्या मागे जसंच्या तसं आहे. बटण दाबून धरलं आणि मशीन बंद पडलं की सेव्ह न केलेलं सगळं जातं, आणि चालू केल्यावर पासवर्डचा प्रश्न तिथंच उभा असतो.

मी पुण्यात एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे, आणि हे इतकं कळवळून सांगतोय कारण हे डोळ्यांसमोर झालंय. अकाउंट्सच्या एक मॅडम, महिन्याची 19 तारीख, दुसऱ्या दिवशी जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायची शेवटची तारीख, सकाळपासून खरेदीची बिलं मिळवून मिळवून एक मोठी शीट तयार केलेली आणि ती सेव्ह एकदाच केलेली, सकाळी. दुपारी स्क्रीन लॉक झाली, पासवर्ड घेईना, तीनदा टाकला, घाबरल्या आणि बटण दाबून धरलं. मला फोन आला तेव्हा "दादा, मशीन चालू झालंय पण माझं काही दिसत नाहीये हो" एवढंच बोलल्या आणि गप्प झाल्या. एक्सेलच्या रिकव्हरीत थोडं मिळालं, बाकी आम्ही दोघांनी रात्री साडेनऊपर्यंत बसून परत केलं. पाच मिनिटं आधी फोन आला असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

आता हे नेमकं होतं काय ते समजून घेऊ, कारण एकदा हे कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

गावाकडे किराणा उधारीवर आणायचो तेव्हा एक नोंद दुकानदाराच्या वहीत असायची आणि एक आपल्या घरातल्या डायरीत. दोन्ही जुळल्या तर ठीक, नाही जुळल्या तर वाद. ऑफिसच्या लॅपटॉपचं अगदी तसंच आहे. तुमच्या पासवर्डची खरी वही ऑफिसच्या सर्व्हरवर असते, त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात, आणि पासवर्ड कधी बदलला, कधी संपणार हे तिथंच ठरतं. पण तुम्ही घरी, ट्रेनमध्ये, नेट नसताना सुद्धा लॅपटॉप उघडता ना, मग तेव्हा सर्व्हरला कोण विचारतं? कोणीच नाही. मागच्या वेळी जो पासवर्ड बरोबर निघाला त्याची एक खूण लॅपटॉप स्वतःकडे ठेवतो (खुद्द पासवर्ड नाही, त्याच्यावरून काढलेली खूण), आणि सर्व्हर दिसला नाही की त्या खुणेशी ताडून दार उघडतो. ही लॅपटॉपची घरची डायरी. आणि या डायरीला एक्स्पायरी कळत नाही, ती महिनोन्महिने जुन्याच पासवर्डवर उघडत राहते.

म्हणून असं होतं की साताऱ्याला घरी बसून दोन महिने काम करणाऱ्या माणसाचा पासवर्ड सर्व्हरवर कधीच संपलेला असतो आणि त्याला पत्ताच नसतो, लॅपटॉप रोज उघडतोय, आणि मग एका सोमवारी तो ऑफिसला येतो, केबल लावतो आणि सगळं एकदम अंगावर येतं. किंवा उलट, पासवर्ड वेबसाइटवरून बदलला, तो सर्व्हरच्या वहीत चढला, पण लॅपटॉपला अजून खबरच नाही, त्यामुळे नवा पासवर्ड टाकला की लॅपटॉप "इनकरेक्ट" म्हणतो आणि माणूस वेडा व्हायची वेळ येते. तर लॉक स्क्रीनसमोर अडकलात की पहिला प्रश्न हाच विचारायचा: आत्ता हा लॅपटॉप सर्व्हरशी बोलतोय का आपल्या डायरीतून उत्तर देतोय?

ऑफिसमध्ये बसला असाल तर

हे सगळ्यात सोपं. केबल लागली आहे का किंवा ऑफिसचं वायफाय जोडलेलं आहे का ते लॉक स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात नेटवर्कच्या चिन्हावरून दिसतं, वायफाय तिथूनच जोडताही येतं. जुना पासवर्ड टाका, एक्स्पायर झाल्याचा मेसेज आला की ओके दाबा, मग तीन रकाने येतात, वरती जुना, खाली नवा, परत नवा. हळू टाका. बाणावर क्लिक केलं की "युवर पासवर्ड हॅज बीन चेंज्ड" येतं आणि ओके म्हटल्यावर तुमचं काम जसं ठेवलं होतं तसं समोर. झालं.

कधीकधी मेसेज येतच नाही, जुन्या पासवर्डवर स्क्रीन गुपचूप उघडते. कारण विंडोजमध्ये मुळात अशी सेटिंग असते की नुसतं अनलॉक करताना सर्व्हरला विचारलंच पाहिजे अशी सक्ती नाही, काही ऑफिसं ती सक्ती चालू करतात, काही नाही. उघडली म्हणून निर्धास्त होऊ नका, थोड्या वेळात शेअर्ड फोल्डर उघडेनासं होतं, आउटलुक पासवर्ड मागायला लागतं, कोपऱ्यात "विंडोज नीड्स युवर करंट क्रेडेन्शियल्स" असं येतं. ते आलं की सगळं सेव्ह करा, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा, "चेंज अ पासवर्ड" निवडा आणि लगेच बदलून टाका.

घरी असाल तर, आणि खरा घोळ इथंच होतो

घरी सर्व्हर दिसतो तो फक्त व्हीपीएनमधून (घरच्या नेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये जायची सुरक्षित वाट). म्हणजे क्रम असा: आधी जुन्या पासवर्डने लॅपटॉप उघडा (उघडेल, डायरी आहे ना), मग व्हीपीएन जोडा, जोडलंय याची खात्री करा, ऑफिसचं एखादं फोल्डर उघडून बघा, मग कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, चेंज अ पासवर्ड. बदलला की व्हीपीएन तोडू नका, हे विसरतात लोक, व्हीपीएन चालू असतानाच विंडोजची की आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा आणि नव्या पासवर्डने उघडा. हे लॉक करून उघडणं कशासाठी, तर लॅपटॉपने नवा पासवर्ड एकदा सर्व्हरला विचारून आपल्या डायरीत उतरवून घ्यावा म्हणून. मी फोनवर असलो तर हे माझ्यासमोर करून घेतो, "उघडलं का नव्याने? उघडलं? आता ठेवा फोन", त्याशिवाय सोडत नाही.

व्हीपीएन न जोडता चेंज अ पासवर्ड केलं की एक लांबलचक एरर येते, "कॉन्फिगरेशन इन्फर्मेशन कुड नॉट बी रेड फ्रॉम द डोमेन कंट्रोलर" वगैरे, आणि शेवटी त्यात अ‍ॅक्सेस नाकारला असंही काहीतरी असतं ते वाचून लोकांना वाटतं आपलं अकाउंटच बंद केलं, नोकरी गेली की काय, खरंच एका नवीन मुलाने मला असं विचारलं होतं. तसं काही नसतं. सर्व्हर दिसला नाही एवढाच त्याचा अर्थ. व्हीपीएन जोडा आणि परत करा.

आता कोंबडी आधी की अंडं आधी असा प्रकार. पुष्कळ ऑफिसांत व्हीपीएनला पण तोच पासवर्ड लागतो, आणि तो तर संपलाय, म्हणजे पासवर्ड बदलायला व्हीपीएन हवं आणि व्हीपीएनला चालू पासवर्ड हवा. काही व्हीपीएन स्वतःच विचारतात की पासवर्ड संपलाय, नवा द्या, तसं असेल तर तिथं देऊन टाका. नाहीतर दोन वाटा: ऑफिसचं पासवर्ड रिसेटचं पोर्टल असेल तर मोबाइलवरून तिथं जाऊन ओटीपी वगैरे देऊन नवा करा, किंवा हेल्पडेस्कला फोन करून रिसेट करून घ्या. आणि इथून पुढे काही मिनिटं तुमच्याकडे दोन पासवर्ड असणार आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा, कागदावर लिहून समोर ठेवा हवं तर आणि काम झालं की फाडून टाका: लॅपटॉपच्या स्क्रीनला जुना, व्हीपीएनला नवा. हेल्पडेस्कने तात्पुरता पासवर्ड देऊन "पहिल्या लॉगिनला बदला" अशी खूण केली असेल तर त्या तात्पुरत्यावर काही व्हीपीएन जोडूच देत नाहीत, म्हणून फोनवरच सांगा की मी घरी आहे आणि व्हीपीएनवरून येणार आहे, मग ते त्या हिशोबाने रिसेट करतील. व्हीपीएन जोडलं की विंडोज-एल, नव्याने उघडा, दोन्ही वह्या जुळल्या.

काही लॅपटॉपवर लॉगिनच्या आधीच, त्या लॉक स्क्रीनवरच व्हीपीएन जोडायची सोय केलेली असते, खाली उजवीकडे नेटवर्कच्या चिन्हाशेजारी आणखी एक चिन्ह असतं. ते असेल तर फारच बरं, आधी तिथून जोडा.

आणि एखाद्याला जुनाही पासवर्ड आठवत नसेल, घरी असेल, आणि लॉगिनच्या आधीचं व्हीपीएन नसेल, तर खोटा धीर देत नाही, बहुतेक वेळा ऑफिसला यावं लागतं. पिन किंवा बोट लावून उघडत असाल तर एकदा तेही करून बघा, पिन त्या लॅपटॉपपुरता वेगळा असतो आणि बरेचदा तो चालतो. पण पिन बदलला म्हणजे पासवर्ड बदलला असं होत नाही, आणि वर्षभर पिनच वापरणाऱ्याला पासवर्ड आठवत नाही हे मी आठवड्यातून एकदा तरी बघतो.

पासवर्ड खरंच चुकतोय का, ते आधी बघा

एक्स्पायरीच्या नावाखाली येणाऱ्या कितीतरी फोनमध्ये गोष्ट भलतीच असते. आपल्याकडे मराठी कीबोर्ड टाकलेले लोक पुष्कळ, दुपारभर इनस्क्रिप्टमध्ये पत्र टाइप केलं, स्क्रीन लॉक झाली आणि लॉक स्क्रीनवर भाषा मराठीच राहिली, मग इंग्लिश समजून टाकलेला पासवर्ड कसा बरोबर येणार? कोपऱ्यात भाषेचं चिन्ह असतं, विंडोजची की आणि स्पेसबारने ती बदलते. पासवर्डच्या रकान्यात शेवटी डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबून धरलं की काय टाइप झालंय ते दिसतं (काही ऑफिसांनी ते बंद केलेलं असतं), शेजारी कोणी उभं नाही ना बघून एकदा दाबा. कॅप्स लॉक, आणि बाजूला आकड्यांच्या वेगळ्या की असलेल्या कीबोर्डवर नम लॉक. हे सगळं बघायच्या आधी चौथ्यांदा पाचव्यांदा टाकू नका, कारण ठराविक वेळा चुकला की अकाउंटच लॉक होतं आणि मग "द रेफरन्स्ड अकाउंट इज करंटली लॉक्ड आउट" असं येतं. अकाउंट लॉक होणं वेगळं आणि पासवर्ड एक्स्पायर होणं वेगळं, हेल्पडेस्कला सांगताना मेसेजमधले शब्द जसेच्या तसे सांगा किंवा मोबाइलने फोटो काढून ठेवा, आमचा अर्धा वेळ वाचतो. आणखी एक मेसेज येतो ज्यात "ट्रस्ट रिलेशनशिप" असे शब्द असतात, त्याचा तुमच्या पासवर्डशी संबंध नाही, तो मशीन आणि सर्व्हरमधला बिघाड आहे, तो आयटीवाल्यांनीच सोडवायचा.

नवा पासवर्ड घेतच नाहीये

इथं लोक रडकुंडीला येतात. मेसेज एकच येतो की लांबी, कठीणपणा किंवा हिस्टरीच्या अटीत बसत नाही, आणि यातलं नेमकं काय बसत नाही ते सांगत नाही. अटी प्रत्येक ऑफिसच्या वेगळ्या, पण विंडोजच्या डोमेनमध्ये (म्हणजे ऑफिसच्या त्या सर्व्हरशी जोडलेल्या मशीनवर) मुळात ज्या असतात त्या सांगतो: कमीत कमी 7 अक्षरं, मोठी लिपी, छोटी लिपी, आकडे, चिन्हं यातले निदान तीन प्रकार, मागचे 24 पासवर्ड परत चालत नाहीत, आणि पासवर्डमध्ये तुमचं युजरनेम किंवा तुमच्या पूर्ण नावातला तीन किंवा जास्त अक्षरांचा शब्द असता कामा नये. ही शेवटची अट कोणालाच माहीत नसते. आडनाव, शेवटी अ‍ॅट आणि वर्ष असा पासवर्ड कितीही लांब केला तरी नाहीच म्हणणार, कारण आत आडनाव आहे.

अजून एक खोच. पासवर्ड बदलल्यावर किमान 1 दिवस तो परत बदलता येत नाही अशी पण अट मुळात असते, म्हणजे सकाळी बदलला, दुपारी नको वाटला, परत बदलायला गेलात तर तोच लांबी-कठीणपणाचा मेसेज येतो आणि तुम्ही तासभर नवनवे पासवर्ड जुळवत बसता, आणि खरं कारण काय तर एक दिवस झालेला नाही. तसं असेल तर उद्या करा, किंवा फारच गरज असेल तर हेल्पडेस्कला सांगा.

पासवर्ड कसा करायचा? माझं मत स्पष्ट आहे, मुलाचं नाव, गाडीचा नंबर, देवाचं नाव आणि पुढे 123 हे सोडा, ओळखीतला माणूस सुद्धा हे चार तऱ्हांनी ताडून बघेल. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहा, जसं की कढई, आगगाडी, पारिजात, कुलूप, मधे डॅश, एकाचं पहिलं अक्षर मोठं, कुठेतरी एक आकडा. (हेच शब्द घेऊ नका, आता हे सगळ्यांनी वाचले.) लांब होतो, डोळ्यांसमोर चित्र येतं म्हणून लक्षात राहतो, आणि बोटांना दोन दिवसांत सवय होते. चुकायचं राहतं एकच, आपण मराठी शब्द रोमनमध्ये लिहिताना कधी एक ओ, कधी दोन ओ, कधी डब्ल्यू कधी व्ही असं करतो, म्हणून ज्यांचं स्पेलिंग एकाच तऱ्हेने होतं असे शब्द निवडा.

बदलल्यानंतरची दहा मिनिटं

पासवर्ड बदलून लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि अर्ध्या तासाने अकाउंट लॉक. का? कारण खिशातल्या मोबाइलमध्ये ऑफिसचं मेल किंवा वायफाय अजून जुनाच पासवर्ड घेऊन सारखं सारखं दार ठोठावतंय. म्हणून बदलल्याबरोबर पहिलं काम मोबाइल: वायफाय "फर्गेट" करून नव्याने जोडा, मेलचा पासवर्ड बदला, टॅब्लेट असेल तर तोही. मग लॅपटॉपवर कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर म्हणून आहे, त्यात जुना पासवर्ड साठवलेल्या नोंदी असतात, शेअर्ड ड्राइव्हच्या, सर्व्हरच्या, त्या काढून टाका. दुसऱ्या मशीनवर रिमोटने जाऊन नुसती खिडकी बंद करून आला असाल, लॉगआउट केलं नसेल, तर ते सेशन अजून जुन्या पासवर्डवर जिवंत आहे, तिथून साइन आउट करा. एका सरांचं अकाउंट आठवडाभर रोज लॉक होत होतं, सगळं तपासलं, शेवटी सापडलं की घरी मुलाला दिलेल्या जुन्या फोनमध्ये ऑफिसचं मेल राहिलं होतं.

रिमोट डेस्कटॉपवाल्यांसाठी एवढंच: आत गेल्यावर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं तर ते तुमच्या समोरच्या मशीनला लागतं, पलीकडच्याला पाठवायचं तर कंट्रोल-ऑल्ट-एंड. आणि पासवर्ड आधीच संपला असेल तर रिमोट डेस्कटॉप बहुतेक ठिकाणी आतच घेत नाही, आधी दुसरीकडून बदलून यावं लागतं, म्हणून मुदत संपायच्या आत करा.

घरच्या कॉम्प्युटरवर असं आलं तर

घरच्या मशीनवर ऑफिसचा सर्व्हर वगैरे काही नसतो, आणि लोकल अकाउंट (फक्त त्या मशीनपुरतं बनवलेलं) असेल तर सगळं तिथल्या तिथंच. तरी कधीकधी लोकल अकाउंटला पण पासवर्ड संपल्याचं येतं, कारण विंडोजमध्ये मुळातच 42 दिवसांची मुदत लिहिलेली आहे, आणि अकाउंट कसं बनवलंय त्यावर ती लागू होते किंवा होत नाही. जुना टाका, नवा द्या, आत जा. आणि परत हा त्रास नको असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून नेट अकाउंट्स, स्पेस, स्लॅश मॅक्स-पी-डब्ल्यू-एज, कोलन, अनलिमिटेड असं इंग्लिशमध्ये टाइप करून एंटर मारा (मॅक्सपासून एजपर्यंत सलग, डॅश न देता). हे घरच्याच मशीनवर, ऑफिसच्यावर नाही.

इथं एक सावधगिरी. घरातल्या दुसऱ्या अ‍ॅडमिन अकाउंटमधून तुमचा पासवर्ड "रिसेट" करणं आणि तुम्ही जुना टाकून "बदलणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकल अकाउंट रिसेट केलं की तुम्ही विंडोजमध्ये साठवलेले पासवर्ड आणि विंडोजने एन्क्रिप्ट केलेल्या फाइल हातच्या जाऊ शकतात, कारण त्यांची किल्ली जुन्या पासवर्डवर बांधलेली असते. जुना आठवत असेल तोवर बदलाच, रिसेट हा शेवटचा उपाय.

लिनक्सवाले

लिनक्सवर साध्या अकाउंटला सहसा हा त्रास नसतो, मुळात मुदत 99999 दिवस असते, म्हणजे नाहीच. पण ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या लॅबच्या मशीनवर अ‍ॅडमिनने मुदत लावलेली असते, आणि मग गंमत नाही, खरी अडचण होते, कारण पासवर्ड बरोबर आहे का हे तपासणं आणि तो संपलाय का हे तपासणं या लिनक्समध्ये दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक स्क्रीन लॉकर दुसरी पायरी नीट करतोच असं नाही. एखादा जुन्याच पासवर्डने उघडू देतो, एखादा नवा पासवर्ड मागायची खिडकीच दाखवू शकत नाही आणि नुसतं "ऑथेंटिकेशन फेल्युअर" म्हणत राहतो.

मग काय करायचं, कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबा. काळी स्क्रीन येईल, तिथं युजरनेम आणि जुना पासवर्ड टाका (टाइप करताना काही दिसत नाही, ते बरोबर आहे). तो म्हणेल पासवर्ड ताबडतोब बदलावा लागेल, मग परत चालू पासवर्ड मागेल, मग दोनदा नवा. झाला की एक्झिट टाइप करून बाहेर पडा आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ2 ने परत या, नाही आलं तर एफ1 किंवा एफ7 दाबून बघा, डिस्ट्रिब्यूशनप्रमाणे बदलतं. तुमचं लॉक झालेलं सेशन तिथंच असतं, नव्या पासवर्डने उघडतं. काळी स्क्रीन बंद करून ठेवली असेल तर दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनच्या टर्मिनलमध्ये जायची सोय) जा, तिथंही तसंच विचारतो, आणि बदलला की कनेक्शन तोडून टाकतो, घाबरू नका, तो तसाच वागतो.

आपली मुदत किती राहिली ते टर्मिनलमध्ये चेज नावाच्या कमांडने कळतं, सी-एच-ए-जी-ई, स्पेस, डॅश एल, स्पेस, युजरनेम. त्यात पासवर्डची मुदत आणि अकाउंटची मुदत अशा दोन वेगळ्या ओळी असतात, अकाउंटचीच मुदत संपली असेल तर पासवर्ड बदलून काही होणार नाही, अ‍ॅडमिनला गाठा. "इनअ‍ॅक्टिव्ह"ची ओळ पण बघा, काही ठिकाणी पासवर्ड संपून ठराविक दिवस गेले की स्वतः बदलायची सोय बंद होते. अ‍ॅडमिनने वरून पासवर्ड बदलून दिला असेल तर लॉगिन झाल्यावर किरिंगबद्दल (लिनक्स तुमचे साठवलेले पासवर्ड ज्यात ठेवतं ती कुलूपबंद पेटी) मेसेज येईल की लॉगिनचा पासवर्ड आणि किरिंगचा जुळत नाही, तिथं एकदा जुना पासवर्ड टाका आणि किरिंगच्या अ‍ॅपमधून त्याचा पासवर्ड नवा करून घ्या. जुना विसरलात तर त्यातले साठवलेले पासवर्ड गेले, म्हणून जुना लगेच मनातून पुसू नका.

मुदत कधी संपते ते आधीच बघून ठेवा

विंडोजच्या डोमेनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट युजर, स्पेस, तुमचं युजरनेम, स्पेस, स्लॅश डोमेन असं टाकलं की "पासवर्ड एक्स्पायर्स" च्या पुढे तारीख आणि वेळ येते. ऑफिसात असताना किंवा व्हीपीएनवर असतानाच चालतं. विंडोज आधी सूचना देतं पण ती मुळात 5 दिवस आधीपासूनच, आणि ती कोपऱ्यात येऊन निघून जाते, आणि जो माणूस मशीन कधी बंदच करत नाही, फक्त लॉक करतो, त्याच्या नजरेतून सहज सुटते. म्हणून कॅलेंडरमध्ये स्वतःच टाकून ठेवा.

कधी बदलायचा तेही सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी मुळीच नको, सोमवारी सकाळी तो आठवत नाही, शनिवार-रविवार बोटांना सराव झालेला नसतो. बुधवारी सकाळी बदला, संध्याकाळपर्यंत दहा वेळा टाकला जातो, पक्का बसतो. आणि 42 दिवसांची मुदत असलेल्या ऑफिसात एक मजेशीर हिशोब आहे, 42 म्हणजे बरोबर सहा आठवडे, त्यामुळे ज्या वारी ज्या वेळेला बदलला त्याच वारी त्याच वेळेला तो परत संपतो, सोमवारी सकाळी दहाला घाईत बदललेला पुन्हा सोमवारी सकाळी दहालाच अडवणार. एकदा बुधवारवर आणलात की तो बुधवारवरच राहतो, दर वेळी संपायच्या दिवशीच बदलला तर. महिना अखेर, 20 तारीख, ऑडिटचा आठवडा यांच्याशी गाठ पडत असेल तर आठ दिवस आधीच बदलून मोकळे व्हा.

आणि हे वाचणारे कोणी आयटीतले असतील तर त्यांच्याशी मनापासून दोन शब्द. दर दीड-दोन महिन्यांनी सक्तीने पासवर्ड बदलायला लावण्याची ही पद्धत आता जे नियम लिहितात त्यांनीच सोडलीय. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने 2017 मध्ये स्पष्ट लिहिलं की काही गळती झाल्याचा पुरावा नसताना ठराविक काळाने पासवर्ड बदलायला लावू नये, आणि मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये विंडोज 10 च्या 1903 आवृत्तीच्या सुरक्षा शिफारशींतून एक्स्पायरी काढून टाकली. कारण आपण रोज बघतोच, माणसं शेवटचा आकडा एकने वाढवतात आणि कागदावर लिहून कीबोर्डखाली ठेवतात. त्याऐवजी लांब पासवर्ड, मोबाइलवरची दुसरी खात्री, आणि गळती झाली तर लगेच बदल, हे करता येतं. क्लायंटच्या करारामुळे किंवा ऑडिटमुळे मुदत ठेवावीच लागत असेल तर निदान ती लांब ठेवा, सूचना 5 दिवसांऐवजी 14 दिवस आधी सुरू करा, ज्यांचा संपतोय त्यांना मेल जाईल अशी छोटी स्क्रिप्ट लावा, घरून काम करणाऱ्यांना लॉगिनच्या आधीचं व्हीपीएन द्या, आणि हेल्पडेस्कचा फोन नंबर लॉक स्क्रीनच्या चित्रावरच छापा. आमच्याकडे तो नंबर लावल्यापासून बटण दाबायच्या आधी फोन येतो.

फोन करताना हे हाताशी ठेवा: युजरनेम, मशीनच्या खाली चिकटवलेला नंबर, स्क्रीनवरचा मेसेज जसाच्या तसा, ऑफिसात आहात की घरी, व्हीपीएन जोडलंय का, आणि आत काही सेव्ह न केलेलं उघडं आहे का. हे शेवटचं आधी सांगा, म्हणजे पलीकडचा माणूस रिस्टार्ट करा असं चुकूनही म्हणणार नाही. पासवर्ड मात्र फोनवर कोणी मागितला तर सांगायचा नाही, मी मागितला तरी नाही, आम्हाला तो कधी लागतच नाही.